प्रियजनांपासून दुःखच उपजते काय?

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



श्रावस्ती नगरीतील एका गृहस्थाचा एकुलता एक मुलगा वारला. त्या दुःखाने त्याचे अन्नपाण्यावरून मन उडाले, कामधंदा सुटला. तो रोज स्मशानात जाई आणि मुलाला हाका मारी. अशा अवस्थेत तो भगवान बुद्धांपाशी गेला. त्याची मुद्रा पाहून बुद्धांनी विचारपूस केली आणि सांगितले की शोक, आक्रोश, खेद हे सारे प्रियजनांपासूनच उपजतात. गृहस्थाला हे मानवले नाही. प्रियजनांपासून तर आनंद आणि सुख उपजते, असे म्हणून तो उठला आणि निघून गेला. जवळच काही जुगारी फासे खेळत होते. त्यांना त्याने झालेले बोलणे सांगितले. जुगाऱ्यांनी त्याची बाजू घेतली, आणि आपले जुगाऱ्यांशी तरी जुळते असे समाधान मानून तो गृहस्थ आपल्या वाटेने गेला.

मज्झिमनिकायातील पियजातिक सुत्तात ही कथा आहे. पुढे हा वाद राजवाड्यापर्यंत पोहोचतो. राजा पसेनदी आपल्या राणीला, मल्लिकेला, तुझ्या श्रमणाचे म्हणणे ऐकलेस का, असे विचारून चिडवतो. मल्लिका नाळिजंघ नावाच्या ब्राह्मणाला बुद्धांकडे पाठवून त्यांच्या म्हणण्याची खातरजमा करून घेते आणि मग राजाला एकेक प्रश्न विचारते. कन्या वजिरी आपणांस प्रिय आहे ना? तिला काही झाले तर? मी प्रिय आहे ना? मला काही झाले तर? काशी-कोसलचे राज्य प्रिय आहे ना? राजा निरुत्तर होतो आणि बुद्ध ज्या दिशेला असतील त्या दिशेला हात जोडतो. कथा तेथे संपते. वादात बुद्धांचा जय होतो, परंतु त्या बापाचे पुढे काय झाले याबद्दल सुत्तात एक अक्षरही नाही. सुत्तकाराने त्याला साथीदार दिले तेही जुगारी! प्रतिपक्षाची बाजू कोणाच्या तोंडी घालावी याची जाण प्राचीन ग्रंथकारांना चांगलीच होती.

ईश्वर मानणाऱ्या माणसाचे मन मात्र त्या बापापाशी घोटाळते. बौद्ध अनासक्तीसंबंधी भाविकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो त्याचे बीज या कथेत आहे. प्रियजनांपासून दुःख उपजते हे भाविक नाकारीत नाही, नाकारूही शकत नाही. मल्लिकेच्या प्रश्नांना त्याच्याजवळही पसेनदीहून वेगळे उत्तर नाही. त्याची शंका पुढची आहे. दुःख प्रेमातून उपजते एवढ्यावरून प्रेमाची मुळेच उपटून काढण्याचा उपाय योग्य ठरतो काय? आणि मुळे उपटल्यावर जे उरते त्याला करुणा म्हणावयाचे, तर ती करुणा कोणत्या ओलाव्यावर जगते?

प्रथम या शंकेला आधार काय तो पाहू गेल्यास पाली वाङ्मयात तो ठिकठिकाणी सापडतो. 'उदान' या ग्रंथात विशाखेची कथा आहे. विशाखा ही श्रावस्तीतील थोर उपासिका, संघाला मुक्त हस्ताने दान देणारी. तिची लाडकी नात वारली, तेव्हा भर दुपारी ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी ती बुद्धांकडे आली. बुद्धांनी विचारले, श्रावस्तीत जितकी माणसे आहेत तितकी मुले-नातवंडे तुला असावीत असे वाटते काय? ती म्हणाली, वाटते. मग या नगरात रोज किती माणसे मरतात? दहा, नऊ, आठ. निदान एक तरी मरतेच. तर मग तुझे केस आणि वस्त्रे कधी तरी कोरडी राहतील काय? विशाखा समजायचे ते समजली. ज्याची शंभर प्रिय माणसे त्याची शंभर दुःखे, ज्याचे कोणीच प्रिय नाही त्याला दुःखच नाही, हे या उपदेशाचे तात्पर्य.

हिशेब बिनतोड आहे. तरीही एक गोष्ट राहून जाते. विशाखा एका नातीसाठी रडत आली होती. तिला मिळाली ती सबंध नगराची शिरगणती. त्या मुलीचे नाव, तिचे बोलणे, आजीच्या पदराला लोंबकळण्याची तिची सवय यांना त्या शिरगणतीत जागा नाही. नात गेली म्हणून नातवंडांची संख्या एकाने घटली, असे कोणत्याही आजीला वाटत नाही.

याच ग्रंथात संगामजी नावाच्या भिक्षूची कथा आहे, आणि ती अधिक कठोर आहे. संगामजी श्रावस्तीला आला आहे असे कळताच त्याची पूर्वाश्रमीची पत्नी कडेवर मूल घेऊन त्याला शोधीत येते. तो झाडाखाली बसलेला असतो. मूल लहान आहे, आमचे पोषण करा, असे ती तीनदा विनवते. संगामजी बोलत नाही. शेवटी ती मूल त्याच्यापुढे ठेवून निघून जाते आणि काही अंतरावरून वळून पाहते. तो मुलाकडे पाहतही नाही. तेव्हा या श्रमणाला पुत्राचीही गरज नाही, असे म्हणून ती परत येते आणि मूल उचलून नेते. हा सगळा प्रसंग दिव्य दृष्टीने जाणून बुद्ध त्याची प्रशंसा करतात: येणाऱ्याचा ज्याला हर्ष नाही, जाणाऱ्याचा शोक नाही, तोच खरा ब्राह्मण.

ही कथा वाचून अस्वस्थ न होणारा वाचक विरळा. त्या स्त्रीने दुरून वळून पाहिले, ही नोंद कथाकाराने का केली असावी? संगामजीची परीक्षा दाखविण्यासाठी ती आवश्यक होती हे उघड आहे. तरी वाचकाच्या मनात मागे राहते ती तीच, झाडाखालचा तपस्वी नव्हे.

येथे भाविकाने घाई करू नये. बौद्ध परंपरेने हा प्रश्न ओळखला नव्हता असे समजणे अज्ञानाचे होईल. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने लोळागोळा होऊन पडलेल्या एका भिक्षूची हकीकत आहे. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. स्वतः बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्षूला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून बुद्ध म्हणाले की येथे तुमची शुश्रूषा करावयास आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी. किसा गोतमीची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. मृत बालकाला खांद्यावर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला बुद्धांनी तत्त्वज्ञान ऐकवले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहऱ्या आणण्यास सांगितले. घरोघर हिंडताना तिला इतरांची दुःखे ऐकावी लागली. दुःखी माणसाला दुःखी माणसांत पाठविण्याचा हा उपाय शुष्क वैराग्याला सुचला नसता.

पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाने रचलेल्या 'विशुद्धिमार्ग' या ग्रंथात या प्रश्नाचा अधिक सूक्ष्म विचार आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी प्रत्येकाचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. द्वेष हा मैत्रीचा दूरचा शत्रू. तो ओळखता येतो. जवळचा शत्रू म्हणजे आसक्ती, कारण ती मैत्रीचाच वेष घेऊन येते. उपेक्षेचा जवळचा शत्रू कोणता? अज्ञानातून आलेली बेपर्वाई. मराठीत 'उपेक्षा' हा शब्द नेमका त्या शत्रूच्याच अर्थाने रूढ झाला हा भाषेचा मोठा चमत्कारिक न्याय आहे. कोणी कोणाची उपेक्षा केली असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा बुद्धघोषाने ज्याला शत्रू म्हटले तेच त्याच्या मनात असते. बौद्ध अनासक्तीवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी निम्मे या एका शब्दाच्या अर्थांतरातून आलेले आहेत.

बुद्धघोषाने दिलेला दृष्टान्तही पाहण्यासारखा आहे. एका आईला चार मुलगे. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला, एक आपल्या उद्योगात गुंतलेला. तान्हा मोठा व्हावा, आजारी बरा व्हावा, तरुणाचे यौवन टिकावे असे आईला वाटते. आणि आपल्या उद्योगात असलेल्याची तिला चिंता नसते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही या चार भावांची नावे. सुत्तनिपातातील मेत्तसुत्तातही सर्व प्राण्यांवरील मैत्रीला उपमा दिली आहे ती एकुलत्या पुत्राला प्राणापलीकडे जपणाऱ्या मातेचीच.

भाविकाचा खरा प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो संगामजीच्या कथेवरून घेतलेल्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे. बौद्ध आचार्यांना निर्मळ प्रेमाचे माप हवे होते तेव्हा ते अरण्यवासी अर्हताकडे गेले नाहीत. ते गेले आईकडे, म्हणजे जिच्या ठायी आसक्ती सर्वांत गाढ असते तिच्याकडे. पियजातिक सुत्तात जिला दुःखाचे मूळ म्हटले त्याच मायेला मेत्तसुत्तात आदर्श म्हटले आहे. बौद्ध उत्तर देईल की आईची माया एका पुत्रापुरती कोंडलेली असते, तिची भिंत पाडावयाची एवढेच. पाणी टाकून द्यावयाचे नाही. उत्तर समर्थ आहे. परंतु भिंत पडल्यावर पाणी सर्वत्र पसरून तितकेच खोल राहते काय, हा प्रश्न उरतोच. सर्व प्राणिमात्रांवर सारखे प्रेम करणाऱ्यापाशी एखादे मूल जाऊन बसले, तर त्याला 'हे माझे' असे म्हणणारे कोणी मिळेल काय?

ईश्वरनिष्ठ परंपरेने या कोड्याची सोडवणूक निराळ्या रीतीने केली. 'माझेपण' नाहीसे करण्याऐवजी तिने ते देवाच्या ठिकाणी नेऊन ठेवले. मराठी संतांच्या वाणीत विठ्ठल आई आहे, बाप आहे, सखा आहे. भांडण्यासारखा, रुसण्यासारखा, शिव्या खाणारासुद्धा. जनाबाईने त्याला दिलेल्या शिव्या प्रसिद्ध आहेत. ज्याच्याशी नाते नाही त्याला कोणी शिव्या देत नाही. आणि तुकोबा तर मोक्षाचे आमिषही नाकारतात. संतसंग मिळणार असेल तर पुन्हा गर्भवास पत्करण्याची त्यांची तयारी आहे. जन्ममरणाचा फेरा थांबविणे हेच ज्याचे साध्य त्या श्रमणाला ही मागणी वेडेपणाची वाटेल. मात्र महायान पंथाचे बोधिसत्त्व अखिल प्राण्यांचे दुःख सरेपर्यंत निर्वाण लांबणीवर टाकतात आणि आठव्या शतकातील शांतिदेवाने त्या संकल्पावर आपला 'बोधिचर्यावतार' रचला, तेव्हा बौद्ध मनालाही निव्वळ सुटकेत समाधान नव्हते हे मान्य करावे लागते.

दुःखाच्या प्रसंगी या दोन वृत्तींतील अंतर स्पष्ट होते. कुशिनारेला बुद्धांचे परिनिर्वाण समीप आले तेव्हा आनंद आत जाऊन दाराला टेकून रडू लागला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले, त्याच्या दीर्घ सेवेची तोंड भरून स्तुती केली, आणि तरीही सांगितले की शोक करू नकोस. प्रियाचा वियोग अटळ आहे हे मी पूर्वीच सांगितले नाही काय? परिनिर्वाण झाल्यावर ज्यांची आसक्ती गेली नव्हती ते भिक्षू हात वर करून रडले, वीतराग होते ते स्थिर राहिले. म्हणजे अश्रू ही साधनेतील उणीव ठरली. आता शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मधील आळंदीचा प्रसंग पाहावा. ज्ञानेश्वर समाधी घेत आहेत. नामदेवांनी समाधीच्या अभंगांत त्याचे वर्णन केले आहे. तेथे निवृत्तिनाथांसारखा विरक्त गुरू धीर सोडतो, संतमंडळी व्याकूळ होतात. आणि प्रत्यक्ष पांडुरंग तेथे उपस्थित असून तेही भक्ताच्या वियोगाने कष्टी होतात. ज्ञानेश्वरांचे हात धरून त्यांना आसनावर बसविणाऱ्यांत देव आहे. शोक कोणालाही कमीपणाचा वाटत नाही. देवच जेथे हळहळतो तेथे माणसाने डोळे कोरडे का ठेवावेत?

भाविकाचे सारे म्हणणे या एका कल्पनेत एकवटले आहे. विश्वाच्या मुळाशी उदासीन नियम आहे की हाक ऐकणारा कोणी आहे? नियम असेल तर त्याला समजून घेऊन शांत होणे हाच शहाणपणा. हाक ऐकणारा असेल तर हाक मारणे हा दुबळेपणा ठरत नाही. कोकण-गोव्यात देवापुढे 'गाऱ्हाणे' घालतात. या शब्दात विनंती आहे तशी तक्रारही आहे. ते घालण्यासाठी समोर कोणी तरी असावे लागते. बौद्ध मार्गात शास्ता आहे, धर्म आहे, संघ आहे. पण गाऱ्हाणे घालावे असे स्थान नाही. श्रावस्तीचा तो बाप स्मशानात मुलाला हाका मारीत होता. त्याला आपली हाक कोणाकडे तरी वळवावयाची होती, ती थांबवावयाची नव्हती. असे भाविकाला वाटते.

इतके म्हटल्यावर भाविकाच्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे, आणि तो सोपा नाही. अनासक्तीने घर सोडणारे केवळ बौद्धच होते काय? समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले अशी कथा परंपरा अभिमानाने सांगते. तुकोबांच्या घरी आवलीचे हाल कसे झाले ते सर्वश्रुत आहे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू गेले. त्या आपत्तीविषयीच्या अभंगात, दिवाळे निघाले, बायको गेली, हे सारे बरेच झाले असे ते देवाला सांगतात. शब्द संगामजीच्या मौनाइतकेच कोरडे आहेत. फरक एवढाच की ते देवाला उद्देशून आहेत. आणि ज्याला आपण बरे झाले असे सांगतो त्याच्यापुढेच ते झाले कसे, हा प्रश्नही पडतो. अन्यत्र तुकोबा देवावर इतके रागावतात की त्याचे अस्तित्वच नाकारण्यापर्यंत मजल जाते.

आणि हा राग निराधार नाही. भूरिदत्त जातकात बोधिसत्त्वाच्या तोंडी एक रोखठोक प्रश्न आहे: ब्रह्मा जर सर्व भूतांचा स्वामी असेल तर त्याने जगात इतके दुःख, कपट आणि अन्याय का राहू दिला? सुमारे दोन हजार वर्षांत ईश्वरवाद्यांना याचे समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. लीला, कर्म, परीक्षा ही उत्तरे ग्रंथांत शोभतात. उपासमारीने मेलेल्या मुलाच्या आईपुढे उच्चारता येत नाहीत. दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्यासाठी कोणाचीही करुणा भाकावी लागत नाही, या बौद्ध प्रतिपादनात जो स्वाभिमान आहे तो भाविकाने ओळखला पाहिजे.

महाराष्ट्राच्या संदर्भात तर हे ओळखणे अधिकच अगत्याचे. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार ठरवून आणि दशावताराच्या चित्रांत त्याच्या जागी विठोबा काढून मराठी भाविकांनी हा वाद परस्पर मिटविला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत हा अवतारवाद स्पष्ट शब्दांत नाकारला आहे, आणि ते योग्यच झाले. ज्याने ईश्वराशिवाय मार्ग दाखविला त्याला ईश्वराचा अवतार म्हणणे हा आदर नव्हे. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मूळ इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी अनासक्तीच्या प्रश्नालाही हात घातला आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा त्यांना पटत नाही; शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात ते त्याचे कारण शोधतात. धम्म म्हणजे माणसामाणसांतील नाते, एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. संगामजीच्या वृक्षाखाली हा बुद्ध बसत नाही. भाविकाचा आक्षेप त्याला लागू पडत नाही. उलट त्यानेच भाविकाला विचारावे असे एक आहे. देवाच्या अश्रूंची कथा ज्या पंढरीत सांगितली गेली, तेथे चोखोबांना दाराबाहेर का राहावे लागले? हाक ऐकणाऱ्याच्या दाराला कुलूप कोणी लावले?

रोहिणीच्या तंट्याकडे बाबासाहेबांच्या आधी लक्ष वेधणारे धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या विषयाच्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. तरुणपणी तुकोबांच्या अभंगांनी त्यांना आधार दिला, आणि 'बालबोध' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्राने वेड लावले. मासिकातील एका लेखाने माणसाचे आयुष्य बदलल्याचे उदाहरण ग्रंथालयाच्या सभासदांना तरी नवल वाटण्याजोगे नसावे. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करीत त्यांनी सिंहलद्वीप गाठले. तेथे १९०२ मध्ये दीक्षा घेतली. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे अलंकाररहित भाषेत सांगितले आहे.

येथपर्यंत ही संगामजीचीच कथा आहे. पुढे ती वेगळी होते. सुमारे सात वर्षांनी कोसंबी परतले. भिक्षूची वस्त्रे उतरली होती. त्यांनी पुन्हा संसार मांडला. १९०७ मध्ये दामोदर या पुत्राचा जन्म झाला. कलकत्ता विद्यापीठातील पदापेक्षा त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा पन्नास रुपयांचे वेतन पसंत केले, कारण त्यात महाराष्ट्रात राहून मराठीतून बुद्धविचार सांगण्याची सोय होती. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचे छोटे पुस्तक तयार झाले. बुद्धघोषाच्या 'विशुद्धिमार्गा'च्या संपादनासाठी ते अनेकदा अमेरिकेतील हार्वर्ड येथे गेले. १९१८ मध्ये गेले तेव्हा माणिक आणि दामोदर ही दोन्ही मुले त्यांच्यासोबत होती. जिला तान्ही असताना सोडले त्या मुलीचा हात धरून या बापाने सातासमुद्रांपलीकडे नेले आणि शिकविले. जवळच्या आणि दूरच्या शत्रूंचे प्रकरण ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथाचे पाठभेद तो त्या काळात तपाशीत होता. उदानातील कथेत नसलेली गोष्ट कोसंबींच्या आयुष्यात घडली: संगामजी वळून पाहता झाला.

म्हणून त्यांची अनासक्ती ढिली पडली असे मात्र म्हणता येत नाही. वार्धक्य आणि व्याधी यांनी शरीर निरुपयोगी झाले तेव्हा अन्नत्याग करून ते सोडावे, असा त्यांनी निश्चय केला. या विचारामागे जैन सल्लेखनेचा आदर्श होता. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचे पुस्तक त्याच चिंतनातून आलेले. पहिल्या प्रयत्नापासून गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. भगवद्गीतेच्या आपल्या अनुवादाला 'अनासक्तियोग' असे नाव देणारे गांधीजी परम ईश्वरनिष्ठ होते, आणि त्यांना हा मित्र जगावयास हवा होता! अखेर १९४७ च्या मे महिन्यात सेवाग्राम आश्रमात कोसंबींनी अन्न सोडले. ४ जूनला त्यांचा देह पडला.

त्याच मे महिन्याच्या प्रारंभी पंढरपुरात दुसरे उपोषण चालू होते. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजी प्राण पणास लावून बसले होते. 'श्यामची आई' लिहिणारा हा माणूस, आसक्तीचा जणू पुतळाच. आई, देव, मुले, देश यांपैकी कशावरूनही त्याचे डोळे भरून येत. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाले आणि उपोषण सुटले. चोखोबांच्या पायरीपाशी शतकानुशतके अडकलेले गाऱ्हाणे आत गेले. पण ज्या हळवेपणाने हे घडविले त्याचे ओझे त्या माणसाला पुढे किती झाले असेल, हे कोणी सांगावे? ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली.

दोन उपोषणे, एकाच महिन्यातली. एक देवाच्या दारात, लेकरांसाठी. दुसरे देव न मानणाऱ्या वृद्धाचे, कोणाकडेही काही न मागणारे. सेवाग्रामच्या त्या वृद्धाला तुकोबांचे अभंग ठाऊक होते, आणि पंढरपूरच्या तरुणांना प्रिय असलेल्या त्या गुरुजींना बुद्धाची करुणा परकी नव्हती. श्रावस्तीचा तो बाप या दोघांपैकी कोणाकडे गेला असता, आणि कोणी त्याला जुगाऱ्यांकडे जाऊ दिले नसते, याचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे.